जरा गाडी बघून ये

आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज हमखास येतो. "घर घेतोय. क्लोजिंगसाठी चांगला वकील सुचवा. स्वस्तातला असेल तर उत्तम." मग उत्तरांचा पाऊस. एकजण कुठल्याशा वेबसाइटची लिंक टाकतो, दुसरा म्हणतो वकील कशाला, यूट्यूबवर सगळं आहे, आणि तिसऱ्याला त्याच वेळी कोजागिरीच्या तिकिटांची आठवण करून द्यायची असते. माझं बोट मात्र आपोआप 'कुंदाताई' असं टाइप करायला लागतं. मग आठवतं की कुंदाताई आता अर्विंगला असतात, लेकीकडे. वकिली बंद. टेक्सासात बहुतेक लोक घर घ्यायला वकील लावतच नाहीत, याचा त्यांना फार मोठा धक्का बसलाय. परवा फोनवर म्हणाल्या, "अगं, कागद कोणी वाचतच नाही इथे! या लोकांची घरं उभी तरी कशी आहेत, देव जाणे."

आम्ही सांता क्लाराहून शिकागोला आलो तेव्हा आम्हीही असेच अडाणी होतो. तिकडेही घर घ्यायला वकील लागत नाही. अर्थात तिकडे आम्ही घर घेतलं नव्हतंच, नुसती बघून उसासे टाकले होते. इथे आल्यावर एक घर मनात भरलं, आमची ऑफर मान्य झाली, आणि एजंट बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुमचा वकील कोण?"

निखिलचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा, चेहराच पडला. तो पुण्याचा. "वकील? अजून भांडण कुठे झालंय?" असं म्हणून त्याने शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये ही म्हण मला ऐकवली. एजंट बाईंनी समजावलं की इथे कोर्टाचा काही संबंध नाही. करारावर सह्या झाल्या की पाच कामाचे दिवस वकिलांसाठी असतात. तेवढ्यात दोन्हीकडच्या वकिलांनी करार वाचायचा, पटेल ते ठेवायचं, न पटेल ते बदलून मागायचं. याला अटॉर्नी रिव्ह्यू म्हणतात. निखिलने लगेच लॅपटॉप उघडला आणि चहा निवायच्या आत एक वकील शोधलासुद्धा. पाच स्टार, सगळं काम ऑनलाइन, ऑफिस राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मक्याच्या शेतांच्याही पलीकडे. "भेटायची गरजच नाही," तो खूश होऊन म्हणाला. बाप्पा! ज्या माणसाने साधा डोशाचा तवा घेताना तीन दुकानं पालथी घातली होती, त्याला घराचा वकील न भेटता चालणार होता.

मी माझ्या मैत्रिणीला, मीनलला, फोन लावला. ती एका वाक्यात म्हणाली, "डेव्हनला जा, साड्यांच्या दुकानाच्या वर, कुंदाताईंकडे. आणि नवऱ्याला घेऊन जा हं, एकटी जाऊ नकोस." नवऱ्याचं काय काम ते तिने सांगितलं नाही.

डेव्हन ॲव्हेन्यूवर, म्हणजे शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्यावर, शनिवारी गाडी लावायची म्हणजे मागच्या जन्मीचं पुण्य लागतं. ते आम्हाला तीन चकरा मारल्यावर लागलं. अरुंद जिना चढून वर गेलो तर एका मोठ्या टेबलामागे एक छोट्या चणीच्या बाई पोळीभाजी खात होत्या. साठीच्या पुढच्या. काळा कोट, पांढरे बूट, दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. मूळच्या सांगलीच्या. तिथे एकदा वकिली शिकून झाल्यावर इथे येऊन चाळिशीत पुन्हा पहिल्यापासून शिकलेल्या. खालच्या दुकानातून "बहनजी, ये देखिए" ऐकू येत होतं आणि शेजारच्या मिठाईवाल्याच्या तळणीचा वास खिडकीतून थेट टेबलावर येऊन बसला होता.

"नमस्कार मावशी," मी म्हटलं.

"मावशी घरी. इथे ताई म्हणायचं. मावशी म्हटलं की लोक फी द्यायची नाही असंच धरून चालतात." डबा झाकून त्यांनी निखिलकडे बघितलं. "गाडी कुठे लावलीय?"

"खालीच. ॲपवर पैसे भरलेत."

"ॲप काय गाडी टो करून नेणाऱ्याचा हात धरणार आहे? जा, जरा गाडी बघून ये."

"अहो पण, अजून तासभर..."

"जा म्हटलं ना."

निखिल गेला. जिन्यावरचा त्याचा आवाज बंद झाल्यावर कुंदाताईंनी चष्मा डोळ्यावर चढवला आणि मला विचारलं, "हे घर कोणाला हवंय? तुला की त्याला?"

मी गडबडलेच. म्हटलं, "मला. म्हणजे आईसाठी. आई नागपूरला एकटी असते, तिचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. या घरात खालीच एक खोली आहे, तिला लागून बाथरूम. अशी खोली आम्ही बघितलेल्या एकाही घरात नव्हती. आईला आता कायमची इकडे आणायचीय. मग नागपूरचं घर विकून टाकू."

"टाकू म्हणजे? ते कोणाच्या नावावर आहे?"

"आईच्या."

"हं," कुंदाताई म्हणाल्या. एवढंच. आणि लोणच्याची फोड तोंडात टाकली.

निखिल धापा टाकत वर आला आणि गाडी जागेवर असल्याचं त्याने जाहीर केलं. कुंदाताई म्हणाल्या, "छान. आता करार दाखव."

घरी येऊन मीनलला फोन केला तर ती हसत सुटली. "पाठवलं ना गाडी बघायला? माझ्याही नवऱ्याला पाठवलं होतं!" मग तिने तिची गोष्ट सांगितली. त्यांनी लांब, नव्या वस्तीत भलंमोठं घर पसंत केलं होतं. म्हणजे नवऱ्याने केलं होतं. तो गाडी बघायला गेल्यावर कुंदाताईंनी तिलाही तोच प्रश्न विचारला आणि मीनल रडायलाच लागली. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि तिथून बसही नव्हती. "मी त्या बंगल्यात वेडी झाले असते गं." नवरा वर आला तेव्हा कुंदाताईंनी करार त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "हा मी वाचणार नाही. आधी हिला ड्रायव्हिंग शिकव, मग घराचं बघू." तो भडकला, दुसरा वकील करतो म्हणाला, आणि घरी जाऊन गप्प बसला. पुढच्या वर्षी त्यांनी बसच्या रस्त्यावर छोटंसं घर घेतलं, आणि त्याचा करार वाचायला कुंदाताईच होत्या.

कुंदाताईंची आणखी एक खोड म्हणजे करार वाचण्याआधी घर बघायचं. आतून नाही, बाहेरून. घरासमोर गाडी उभी करायची, आणि त्यात बसून डबा खायचा. "जेवताना माणूस नीट बघतो," असं त्यांचं म्हणणं. त्या जेवायच्या आणि गल्ली बघायच्या. कोण कुत्रं फिरवतंय, पाऊस पडला की पाणी कुठे साचतंय, शेजारच्याचं झाड कोणाच्या छपरावर वाकलंय. एकदा म्हणे एका आजोबांनी त्यांना संशयित समजून पोलिसांना फोन केला. पोलीस आला, त्याला त्यांनी थालीपीठ दिलं, आणि जाता जाता त्याच्याकडून गल्लीतल्या कोणत्या घराच्या तळघरात पाणी भरतं तेही काढून घेतलं. "वकील आणि सुईण हाकेच्या अंतरावर असावी," त्या म्हणायच्या. "त्या तुझ्या मक्याच्या शेतातल्या वकिलाला काय दिसणार आहे? पीडीएफ?" हा टोला निखिलला. त्याने पाच स्टारवाल्याचं नाव चुकून त्यांच्यासमोर काढलं होतं.

आमचं घर बघून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "वैशाली, त्या गल्लीतल्या सगळ्या घरांना दोन गाड्यांचं गॅरेज आहे. सगळी एकाच बिल्डरची. मग तुमच्या घराला एकाच गाडीचं कसं काय?"

मी म्हटलं, "असेल बापडं. आमच्याकडे गाडीही एकच आहे."

"अगं बाई, अर्धं गॅरेज गेलं कुठे?"

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. अर्धं गॅरेज म्हणजे आईची खोली.

कुंदाताई म्हणाल्या, "थांब, ग्रामपंचायतीत जाऊन येते." शिकागोबाहेरच्या आमच्या या उपनगराला सरकारदरबारी व्हिलेज म्हणतात. तिथे एक व्हिलेज हॉल आहे, त्याला कुंदाताई ग्रामपंचायत म्हणायच्या. तिथल्या काउंटरवरच्या सगळ्या बायका त्यांच्या ओळखीच्या. दिवाळीत त्यांना चकल्या जायच्या. दुपारपर्यंत उत्तर आलं. घरमालकाने स्वतःच्या म्हाताऱ्या आईसाठी अर्ध्या गॅरेजची खोली केली होती, बाथरूमसकट, आणि परवानगी घेतलीच नव्हती.

एजंट बाई म्हणाल्या, असं खूप ठिकाणी असतं, सोडून द्या. निखिल म्हणाला, इतकी वर्षं कोणी काही म्हणालं नाही, आताच कोण येतंय? आम्ही दोघं डेव्हनला जाऊन कुंदाताईंसमोर बसलो. या वेळी निखिल गाडी आधीच दोनदा बघून वर आला होता.

"कागदावर ती खोली गॅरेज आहे," कुंदाताई म्हणाल्या. "उद्या पंचायतीने सांगितलं, काढा हे सगळं, तर काढावं लागेल. तोपर्यंत आईला काय गॅरेजमध्ये ठेवणार? गाडीशेजारी?"

मला रडूच कोसळलं. खरं सांगते, घर गेलं असतं तर मी आठवडाभर रडून दुसरं शोधलं असतं. पण मनाने मी त्या खोलीत आईचा पलंग लावला होता, खिडकीशी तिचे देव मांडले होते. कुंदाताईंनी टिश्यूचा डबा पुढे केला. "रड. पण लवकर आटप. मला पत्र लिहायचंय."

विकणाऱ्याचा वकील होता मर्फी नावाचा, कुंदाताईंच्याच वयाचा. दोघांची वर्षानुवर्षं पत्रापत्री. मर्फी फोनवर कबूल झाला, आमचा माणूस आता परवानगी घेईल म्हणाला. पण पंचायतीचा इन्स्पेक्टर नेमका क्लोजिंगच्या, म्हणजे शेवटच्या सह्या करून किल्ली घेण्याच्या, तारखेनंतरच्या आठवड्यातच मोकळा होता. मर्फी म्हणे, तारीख हलणार नाही, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. आधी घर घ्या, परवानगीचं नंतर बघू. कुंदाताई म्हणाल्या, "नंतर म्हणजे कधीच नाही." तो हलेना, या हलेनात. आणि आमचे रिव्ह्यूचे दिवस संपत आले.

त्यात नागपूरहून आईचा फोन. "वैशू, घराची तारीख काय म्हणाली होतीस तू?"

मी सांगितली.

"अगं, पितृपक्ष आहे ना तेव्हा! पितृपक्षात कोणी घर घेते काय? मी नाही येणार बाप्पा अशा घरात."

निखिलने कपाळावर हात मारला. म्हणाला, "हे कुंदाताईंना सांगू नकोस हं. हसतील आपल्याला." मी सांगितलंच. पण कुंदाताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझी आई खरंच असं म्हणाली? येणारच नाही म्हणाली?"

"हो ना. काय करू सांगा."

"काही करू नकोस. आईला माझा नमस्कार सांग."

तासाभरात मर्फीला पत्र गेलं, आणि त्याची प्रत आमच्याकडे आली. अस्सल वकिली इंग्रजीत लिहिलं होतं, ते असं. खरेदीदारांचे दिवंगत पूर्वज सदर पंधरवड्यात कुटुंबाच्या भेटीस येत असल्यामुळे त्या काळात घराचा ताबा घेणं कुटुंबाला शक्य नाही. सबब क्लोजिंग पूर्वज परत गेल्यानंतर करावं, ही विनंती. पूर्वज परत जाण्याची तारीखही दिली होती.

निखिल दोन दिवस घरात फेऱ्या घालत होता. "आपली अब्रू गेली," एवढंच अधूनमधून म्हणायचा.

मर्फीचं उत्तर आलं. "घराच्या शेवटच्या पाहणीला पूर्वज जातीने हजर राहणार आहेत का? असल्यास किल्लीची सोय करावी लागेल." कुंदाताईंनी उलट टपाली कळवलं की ते किल्लीशिवाय येतात. मग मर्फीने फोनच केला. माझी आजी, तो म्हणाला, मरेपर्यंत कधी शनिवारी घर बदलू द्यायची नाही. शनिवारी गेलेला माणूस त्या घरात टिकत नाही म्हणायची. तुमच्या क्लायंटच्या आईला सांगा, मला समजलं.

आणि तारीख पुढे गेली. कुंदाताईंनी मला नंतर समजावून सांगितलं. खोलीसाठी तारीख वाढवायची म्हणजे आपल्या माणसाने, घरमालकाने, चूक केली हे मर्फीला कागदावर मान्य करावं लागलं असतं, ते तो कशाला करतोय? पितरांसाठी तारीख वाढवण्यात कोणाचंच नाक खाली जात नव्हतं. "तुझ्या आईने काम केलं गं. मी नुसती टायपिस्ट."

त्या पंधरवड्यात इन्स्पेक्टर आला, दोन ठिकाणी वायरिंग बदलायला लावलं, आणि सही करून गेला. आईची खोली कागदावर खोली झाली. घटस्थापनेच्या दिवशी आम्ही सह्या केल्या. कागदांचा एवढा मोठा गठ्ठा होता की निखिलची सही शेवटी शेवटी दुसऱ्याच कोणाची वाटायला लागली. कुंदाताईंनी फक्त एक ओळ मोठ्याने वाचून दाखवली, आमच्या दोघांच्या नावांची. ती त्या दर वेळी वाचायच्या. मग किल्ली माझ्या हातात दिली. मर्फी दारात थांबून गंभीरपणे म्हणाला, "पूर्वज सुखरूप पोचले ना?"

"काल रात्रीच," कुंदाताई म्हणाल्या.

वास्तुशांत आम्ही आईसाठी थांबवून ठेवली होती. आई मे महिन्यात आली, व्हिजिटर व्हिसावर. आल्या आल्या ग्रीन कार्डाचे कागद करायचे असं माझं ठरलेलं. नागपूरच्या घराला गिऱ्हाईक बघायला मी चुलतभावाला सांगूनही ठेवलं होतं. आईला म्हटलं नव्हतं. कशाला तिच्या डोक्याला ताप, असं वाटलं.

पूजेला कुंदाताई आल्या. वकिली आवरून अर्विंगला जायचं तोवर ठरलं होतं. त्या दिवशी काळ्या कोटाऐवजी इरकल नेसल्या होत्या, पायात तेच पांढरे बूट. तीर्थप्रसाद झाल्याबरोबर थेट आईच्या खोलीत गेल्या. गरम पाण्याचा नळ सोडून बघितला, खिडकी उघडून लावली, भिंतीवर दोनदा टकटक केलं आणि आईशेजारी पलंगावर बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वैशाली, जरा गाडी बघून ये."

"ताई, गाडी आपल्याच दारात आहे. इथे कसलं मीटर?"

"जा म्हटलं ना."

मी हसत हसत बाहेर आले. दारात माझ्या गाडीमागे त्यांची जुनी गाडी उभी होती. दोन्ही जागेवर होत्या. मी गाडीचं दार ओढून बघितलं. आत आता आईला काय विचारत असतील ते मला ठाऊक होतं. आणि ते मी आईला एकदाही विचारलं नव्हतं. घर बघितलं, खोली मिळवली, पितरांना कामाला लावलं, सगळं केलं, पण हे राहिलंच.

खिडकीतून दोघी दिसत होत्या. आई बोलत होती. हातवारे करून, मान हलवून. आल्यापासून माझ्याशी एवढं बोलली नव्हती.

बऱ्याच वेळाने कुंदाताई प्रसादाचा डबा घेऊन बाहेर आल्या. "गाडी ठीक आहे?"

"ठीक आहे."

"मग ऐक. आता मी तुझी वकील नाही, तुझ्या आईची आहे. ग्रीन कार्ड नको म्हणतात. मेमध्ये येतील, नागपूरच्या उन्हातून सुटका, आणि थंडी पडायच्या आत परत जातील. इथे असतील तोवर दर शनिवारी डेव्हनला न्यायचं. आणि नागपूरचं घर विकायचा विषय काढायचा नाही. चुलतभावाने फोन केला होता त्यांना. किती दिला तर सोडाल, असं विचारत होता."

मी वळून आईच्या खिडकीकडे बघितलं.

"रागावल्या नाहीत त्या," कुंदाताई म्हणाल्या. "खोली आवडलीय. म्हणाल्या, पोरीने हौसेने केलंय, तिला नाही कसं म्हणू? म्हणून मी म्हणते. मला सवय आहे." मग माझ्या पाठीवर थोपटलं. "पाच दिवस आहेत तुला. नीट विचार कर."

"पाच दिवस कशाला, ताई? सगळं कबूल."

"न वाचता सही करायची नाही, किती वेळा सांगितलं?" असं म्हणून त्या गाडीत बसल्या. गाडी संथपणे निघाली आणि गल्लीतल्या प्रत्येक गॅरेजसमोर जरा जरा थबकत कोपऱ्यावरून वळली. मी त्यांना बघितलं ते शेवटचं.

आत आले तर आई प्रसादाच्या वाट्या गोळा करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "वकील चांगली आहे हो तुझी."

मी तिच्या हातातल्या वाट्या घेतल्या. म्हटलं, "माझी कुठली? तुझी आहे."